विद्यापीठातील दृक्‌श्राव्य निर्मिती आणि प्रसारण सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या विभागांकडून, संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांकडून, विद्यार्थ्यांकडून आणि पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. त्यांत कॅमेऱ्याविषयीचे प्रश्न थोडे आहेत. बहुतेक अडचणी चित्रीकरणाच्या आधी राहून गेलेल्या गोष्टींमुळे किंवा नंतर कोणाच्याच लक्षात न राहिलेल्या गोष्टींमुळे उभ्या राहतात, त्यामुळे उत्तरेही तिकडेच अधिक वळली आहेत. कायद्याविषयी येथे जे लिहिले आहे ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे. वादाच्या प्रसंगी विद्यापीठाच्या विधी कक्षाचे मत घ्यावे.

१. हा विभाग नेमके काय करतो? आमच्या विभागाच्या निरोप समारंभाचे शूटिंगही करून मिळेल का?

निरोप समारंभाचे शूटिंग करून मिळणार नाही. विभागाची कामे तीन प्रकारची आहेत: अभ्यासक्रमाशी निगडित व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांची ध्वनिचित्रमुद्रणे तयार करणे, विद्यापीठाचे अधिकृत कार्यक्रम थेट प्रसारित करणे, आणि हे सारे साहित्य पुढे सापडेल अशा रीतीने जपून ठेवणे. भारतीय विद्यापीठांत असे काम करणारी केंद्रे मुळात दूरचित्रवाणीसाठी उभी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाला आणि त्याला लागणारे कार्यक्रम तयार करण्यासाठी पुण्यासह काही विद्यापीठांत निर्मिती केंद्रे स्थापन झाली. १९९३ पासून त्यांचा समन्वय नवी दिल्लीतील कन्सॉर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन, म्हणजे सीईसी, ही संस्था करते. आमच्या कामाची शिस्त त्याच परंपरेतून आलेली आहे, त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची थोडी निराशा होते.

२. चित्रीकरणासाठी किती दिवस आधी कळवावे आणि अर्जात काय लिहावे?

स्टुडिओतील व्याख्यानासाठी दोन आठवडे, तर सभागृहातील थेट प्रसारणासाठी तीन आठवडे आधी कळवावे. अर्जात विषय, कालावधी, वक्त्यांची नावे आणि ठिकाण हे सर्वजण लिहितात. मात्र हे साहित्य कोणासाठी आहे आणि ते कोठे दिसणार आहे, ही दोन वाक्ये नेमकी गाळली जातात. वर्गातील साठ विद्यार्थ्यांपुरते साहित्य आणि जगाला खुले साहित्य यांना लागणाऱ्या परवानग्या वेगळ्या असतात (प्रश्न ९ ते ११ पाहावेत). प्रसारणाचे ठिकाण मागाहून बदलल्यास त्या परवानग्या पुन्हा मागाव्या लागतात, आणि तोवर पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात.

३. पन्नास मिनिटांचा तास पन्नास मिनिटांत चित्रित होतो. मग व्हिडिओ मिळायला पंधरा दिवस का लागतात?

कारण चित्रीकरण हा या कामातील सर्वांत लहान टप्पा आहे. दोन कॅमेरे, कॉलर माइक आणि स्लाइड असे चार प्रवाह आधी एकमेकांशी जुळवावे लागतात. त्यानंतर संकलन, आवाजाची पातळी सारखी करणे, स्लाइडवरील चुका शिक्षकांकडून तपासून घेणे, उपशीर्षके, आणि शेवटी शिक्षकांची लेखी मान्यता. यांतील सर्वाधिक दिवस मान्यतेत जातात, हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. स्वतःला पडद्यावर पाहणे कोणालाच सोपे वाटत नाही. पंधरा-वीस मिनिटांचे सलग भाग पाडून बोलल्यास, आणि चुकल्यावर ते वाक्य तेथल्या तेथे पहिल्यापासून पुन्हा म्हटल्यास, संकलनाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो.

४. स्टुडिओऐवजी माझ्या वर्गातच चित्रीकरण केले तर चालणार नाही का?

चालेल, आणि प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकासाठी तर तेच योग्य आहे. प्रश्न चित्राचा नसून आवाजाचा असतो. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, पण घुमणाऱ्या आवाजाचे व्याख्यान तो काही मिनिटांतच बंद करतो. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या वर्गात आवाज घुमतो. पंख्याची घरघर कॉलर माइकमध्ये सतत ऐकू येते. आणि पावसाळ्यात वर पत्रा असेल तर वक्त्याचे शब्द पावसाखाली बुडून जातात. पंखे बंद ठेवावे लागतील हे लक्षात घेऊन मार्च ते मे या महिन्यांत सकाळी आठची वेळ घ्यावी. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत रस्त्यालगतच्या इमारतीत चित्रीकरण ठेवू नये. हा नियम कोठे लिहिलेला नाही, पण एका भाद्रपदात भूगोलाचे अख्खे व्याख्यान ढोलपथकाच्या सरावासह मुद्रित झाल्यापासून आम्ही तो पाळतो.

५. कॅमेऱ्यासमोर कोणते कपडे घालावेत?

एकरंगी, मध्यम छटेचे. बारीक रेघांचा शर्ट किंवा बारीक चौकड्यांची साडी पडद्यावर थरथरल्यासारखी दिसते. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवे कपडे आणि हिरवा काठही टाळावा. नाहीतर तेवढ्या भागातून पार्श्वभूमी दिसू लागते. बांगड्या, लोलक आणि मंगळसूत्र यांना हरकत नाही, फक्त ते माइकवर घासू नयेत.

६. आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. मोबाइलवर केलेले चित्रीकरण स्वीकाराल का?

स्वीकारू, आणि नीट केलेले असेल तर आनंदाने स्वीकारू. मोबाइल आडवा धरावा, तिपाईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवावा, विमान-मोडवर टाकावा आणि मागचा कॅमेरा वापरावा. स्वस्तातला तारेचा कॉलर माइक मोबाइलच्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

एक तांत्रिक बाब मात्र विसरू नये. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. बहुतेक मोबाइल मूळ मांडणीप्रमाणे सेकंदाला ३० चित्रे घेतात आणि त्यामुळे पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसू शकतात. मोबाइलमध्ये सोय असल्यास सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० अशी मांडणी करावी. सोय नसेल तर दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसावे. व्हॉट्‌सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत आम्ही घेत नाही, कारण तेथे तिची गुणवत्ता कमी होते. मूळ फाइल ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवर द्यावी.

७. माझ्या स्लाइडवरील मराठी मजकूर तुमच्या संगणकावर चौकोन आणि भलतीच अक्षरे होऊन का दिसतो?

तो मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला असतो. अशा फाँटमध्ये संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती रोमन अक्षरे. फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो, आणि फाँट नसलेल्या यंत्रावर ते रूप गळून पडते. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून द्यावा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी नजरेखालून घालावीत, कारण चुका नेमक्या तेथेच होतात. घाई असेल तर स्लाइड पीडीएफ करून द्याव्यात. मात्र त्यांत आम्हाला दुरुस्ती करता येणार नाही.

८. माझ्या व्याख्यानाच्या व्हिडिओवर हक्क माझा की विद्यापीठाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नियोक्ता असतो. चित्रफितीपुरते पाहिले तर तिचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याकडे पाहतो. पण शिक्षकाची टिपणे, त्याने आधी लिहिलेले पुस्तक, त्याने वर्षानुवर्षे रचलेली उदाहरणे हेही सारे ‘नोकरीच्या कामात’ मोडते का, यावर मतभेद होऊ शकतात. म्हणून चित्रीकरणापूर्वी एक पानाचा करार करतो: चित्रफीत विद्यापीठाची, तिच्यामागचे लेखन शिक्षकाचे, आणि तोच विषय शिक्षकाला इतरत्र शिकवण्यास पूर्ण मोकळीक. नोकरी बदलल्यावर व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी येते. करारात तशी अट नसेल तर तो काढला जात नाही, मात्र तेव्हाचे पद आणि मुद्रणाचे वर्ष वर्णनात नोंदवले जाते.

९. पाहुण्या वक्त्यांनी सभागृहात सर्वांसमोर भाषण केले. मग वेगळी संमती कशाला?

कारण सर्वांसमोर बोलले म्हणून हक्क सुटत नाही. त्याच कलम १७ मध्ये जाहीर भाषणाचा पहिला मालक ते भाषण करणाराच मानला आहे. शिवाय कायद्यातील ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत नट, गायक, नर्तक, जादूगार आणि गारुडी यांच्याच रांगेत व्याख्यान देणारी व्यक्तीही बसवलेली आहे. हे वाचून काही प्राध्यापक हसतात, काही गंभीर होतात. पण त्यामुळे वक्त्याच्या संमतीशिवाय त्याचे मुद्रण करून ते प्रसारित करणे हा त्याच्या हक्काचा भंग ठरू शकतो, आणि हा हक्क ५० वर्षे टिकतो.

संमतिपत्र भाषणापूर्वी, चहाच्या वेळी घ्यावे. त्यावर तीन पर्याय असतात: फक्त संग्रहासाठी, विद्यापीठाच्या आवारापुरते, किंवा सर्वांसाठी खुले. वक्त्यांनी पहिला पर्याय निवडला तर त्यांना आग्रह करू नये. अप्रकाशित संशोधन मांडणाऱ्याला तो निवडण्याचे सबळ कारण असते.

१०. व्हिडिओच्या सुरुवातीला तुकाराम महाराजांचा अभंग लावायचा आहे. तो तर सर्वांचाच आहे ना?

शब्द सर्वांचे आहेत. ध्वनिमुद्रिका सर्वांची असेलच असे नाही. एका अभंगावर तीन थर असतात. पहिला थर शब्दांचा: ते सतराव्या शतकातील असल्याने मुक्त आहेत. दुसरा चालीचा: पारंपरिक चाल मुक्त असते, पण संगीतकाराने बांधलेल्या चालीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तिसरा ध्वनिमुद्रणाचा: तो प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे असतो, म्हणजे १९७० साली प्रकाशित झालेली तबकडी २०३० संपेपर्यंत संरक्षित आहे. तबकडी घरची असणे, किंवा ते गाणे यूट्यूबवर आधीच कोणी चढवलेले असणे, यांपैकी काहीही परवानगी ठरत नाही.

सर्वांत चांगला मार्ग असा की विद्यापीठाच्या संगीत विभागातील विद्यार्थ्यांकडून तोच अभंग पारंपरिक चालीत गाऊन घ्यावा. आम्ही तो मुद्रित करू, गायक-वादकांची संमती घेऊ आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे देऊ. मागच्या काही वर्षांत विभागाची स्वतःची ओळखधून, तानपुऱ्याचे मुद्रण आणि पखवाजाचे काही तुकडे असा लहानसा संग्रह तयार झाला आहे. तो विद्यापीठातील कोणालाही विनाशुल्क वापरता येतो.

११. वर्गात मी मराठी चित्रपटातील प्रसंग दाखवून शिकवतो. तोच तास यूट्यूबवर टाकला तर काय बिघडते?

कायद्याचे छत्र वर्गाच्या दाराशी बरेच आखूड होते. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनाला कलम ५२ मध्ये सूट आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांत चित्रपट दाखवण्यालाही त्याच कलमात सूट आहे, पण तेथे प्रेक्षक कोण हे मोजून सांगितले आहे: कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती. यूट्यूबचा प्रेक्षक या चौकटीत बसत नाही. समीक्षेसाठी केलेल्या न्याय्य वापराची वेगळी तरतूद आहे आणि काही सेकंदांचा तुकडा थांबवून त्यावर बारकाईने बोलल्यास तिचा आधार घेता येतो. मात्र किती सेकंद चालतात याचा आकडा कायद्यात नाही, जरी तो आम्हाला दर आठवड्याला विचारला जातो.

दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या निकालाचा दाखला अनेकजण देतात. तो निकाल शैक्षणिक वापराला निश्चितच अनुकूल आहे, पण तेथे प्रश्न अभ्यासासाठी छापील पानांच्या प्रती काढण्याचा होता, खुल्या प्रसारणाचा नव्हता. त्यामुळे आम्ही दोन आवृत्त्या करतो: प्रसंगांसह पूर्ण आवृत्ती विद्यापीठाच्या लॉगिनमागे, आणि खुल्या आवृत्तीत प्रसंगाच्या जागी त्याचे वर्णन व वेळेची नोंद, म्हणजे विद्यार्थ्याला तो प्रसंग मूळ चित्रपटात शोधता येईल.

१२. पदवीप्रदान समारंभ घरबसल्या पाहता येईल का? मुलीचे मामा अमेरिकेत आहेत.

येईल, दुवा आदल्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिला जातो. सकाळी ११ वाजता सुरू होणारा समारंभ न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता दिसतो, त्यामुळे बहुतेक मामा तो नंतरच पाहतात. मुद्रण त्याच दुव्यावर राहते आणि वर्णनात विद्याशाखानिहाय वेळा दिलेल्या असतात. एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र चित्रफीत कापून देणे शक्य नाही.

आयोजकांसाठी दोन सूचना. सभागृहातील आवाज कॅमेऱ्याच्या माइकने न घेता साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तारेने घ्यावा लागतो. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, कारण ऐनवेळी त्याच्याकडे मोकळे आउटपुट नसते. दुसरी गोष्ट, मिरवणूक आत येताना सिनेगीताची धून लावू नये. यूट्यूबची यंत्रणा थेट प्रसारणातील संगीतही ओळखते आणि हक्कधारकाच्या दाव्यावरून प्रसारण मध्येच थांबू शकते. सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजवणारे कलाकार बोलावले तर ही अडचण सहसा येत नाही, आणि शोभाही वाढते.

१३. माझा अभ्यासक्रम ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर यावा अशी इच्छा आहे. तुम्ही चढवून द्याल का?

आम्ही निर्मितीत साहाय्य करू. प्रवेश मात्र राष्ट्रीय समन्वयक संस्थेच्या प्रस्ताव-प्रक्रियेतूनच मिळतो, आणि पदवी स्तरावरील बिगर-अभियांत्रिकी विषयांसाठी ती संस्था सीईसी आहे. ‘स्वयम’च्या अभ्यासक्रमाला चार अंगे लागतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि स्वयंमूल्यमापन. शिक्षकांचे लक्ष पहिल्या अंगावर असते. प्रस्ताव बहुधा उरलेल्या तिघांवर अडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याला एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम’वरून घेता येतात, त्यामुळे प्रश्नपेढी सैल राहिली तर परिणाम गुणपत्रिकेवर दिसतो.

‘स्वयंप्रभा’ हा वेगळा मार्ग आहे. ‘स्वयंप्रभा’ म्हणजे उपग्रहावरून चालणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या; त्यांना इंटरनेट लागत नाही, आणि दिवसाचा नवा कार्यक्रम त्याच दिवशी अनेकदा पुन्हा दाखवला जातो. रेंज नसलेल्या पाड्यावरच्या विद्यार्थ्यासाठी आजही त्यांचे मोल आहे.

१४. विद्यापीठाच्या रेडिओवर विद्यार्थ्यांना बातम्या देता येतील का?

स्वतः तयार केलेल्या बातम्या देता येत नाहीत; विद्यापीठाचा रेडिओ हा सामुदायिक रेडिओ असतो, आणि त्याला आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रसारित करता येतात. परंतु परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी-वीज यांच्या सूचना, स्थानिक सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम हे धोरणानुसार बातम्यांत गणले जात नाहीत, आणि या यादीत चांगल्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल इतके काम आहे.

शैक्षणिक संस्थांना असा रेडिओ चालवण्याची वाट डिसेंबर २००२ मध्ये मोकळी झाली. चेन्नईतील अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्‌झवर ऐकू येते. शक्तीची मर्यादा साधारणतः १०० वॅट असल्याने असा रेडिओ काही किलोमीटरच्या परिसरातच ऐकू जातो. हे उणेपण मानू नये. आसपासच्या वस्तीतील लोकांनी स्वतः बोलावे, हाच त्याचा हेतू आहे.

१५. उपशीर्षके खरोखर आवश्यक आहेत का? यंत्र ती आपोआप काढते ना?

आवश्यक आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दृक्‌श्राव्य साहित्य सर्वांना वापरता येईल अशा रूपात उपलब्ध व्हावे, ही अपेक्षा स्पष्ट आहे. यंत्राने काढलेला मराठी मजकूर पहिला खर्डा म्हणून उपयोगी पडतो, पण तो ‘भाषिक’चे ‘मासिक’ करतो आणि पारिभाषिक संज्ञांची वाट लावतो. विषयाच्या जाणकाराने तो एकदा वाचलाच पाहिजे. एका वेळी दोन ओळींहून अधिक मजकूर नसावा आणि फाइल युनिकोडमध्येच असावी (प्रश्न ७). उपशीर्षकांचा लाभ केवळ कर्णबधिर विद्यार्थ्यांना होत नाही. बसमध्ये आवाज बंद ठेवून अभ्यास करणारेही ती वाचतात. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी मात्र शिक्षकाने ‘हे पाहा, येथे असे होते’ न म्हणता फळ्यावर काय लिहिले ते उच्चारले पाहिजे. याला खर्च काहीच नाही, तरी ते सर्वांत दुर्मीळ आहे.

१६. व्हिडिओत मी मागच्या बाकावर दिसतो. तो भाग काढता येईल का?

विनंती करावी, कारण सांगण्याची गरज नाही. चेहरा धूसर करणे किंवा चौकट बदलणे बहुधा शक्य असते. चित्रीकरणाच्या दिवशी वर्गात सूचना लावली जाते आणि कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरील बाके दाखवली जातात. अठरा वर्षांखालील विद्यार्थी ओळखू येतील असे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती घेतो.

१७. संकलित व्हिडिओ मिळाला. मूळ फुटेज किती दिवस ठेवता?

सहा महिने, त्यानंतर ते पुसले जाते. उत्तम दर्जाच्या, सेकंदाला ५० मेगाबिट घेणाऱ्या मुद्रणाचा एक तास साडेबावीस जीबी जागा व्यापतो आणि दोन कॅमेऱ्यांचे पंचेचाळीस होतात. अंतिम प्रत मात्र कायम ठेवली जाते: एक विभागात, एक वेगळ्या इमारतीत. यूट्यूबवर आहे म्हणजे जपलेले आहे, असे समजू नये. तेथील प्रत दाबून लहान केलेली असते.

१८. आमच्या विभागाच्या कपाटात १९९० च्या दशकातील कॅसेट सापडल्या आहेत. त्यांचे काय करावे?

लावून पाहू नयेत. बुरशी आलेली किंवा चिकट झालेली फीत यंत्रात अडकली की फीत आणि यंत्र दोन्ही जातात. कॅसेट उभ्या ठेवाव्यात, त्यांवरील चिठ्ठ्यांचे फोटो काढावेत आणि आम्हाला कळवावे. यू-मॅटिक, बीटाकॅम, व्हीएचएस असे नमुने असतील तर ते वाजवणारी चालू यंत्रे आता मोजकीच उरली आहेत, त्यामुळे रांग लागते. कोणत्या कॅसेटला आधी घ्यायचे हे चिठ्ठीवरून ठरते. ‘सेमिनार, भाग २’ एवढेच लिहिलेली कॅसेट शेवटी जाते. ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारून तारीख आणि नावे मिळवून दिल्यास मोठी मदत होईल.

१९. माझे वडील येथे प्राध्यापक होते. आता ते नाहीत. त्यांच्या व्याख्यानाचे मुद्रण आम्हाला मिळेल का?

असेल तर मिळेल, आणि शुल्क लागणार नाही. कुटुंबाच्या खासगी उपयोगासाठी प्रत देण्यास आम्ही अडचण मानत नाही. ती समाजमाध्यमांवर टाकायची असल्यास प्रश्न ८ मधील करार पाहावा लागतो, आणि त्या काळी करारच झाला नसेल तर कुटुंब आणि विद्यापीठ यांनी मिळून एक पत्र केले की पुरते. अर्जात विषय, विभाग आणि अंदाजे वर्ष लिहावे. नाव यादीत सापडले नाही तरी शोध थांबवत नाही: अनेक जुन्या मुद्रणांवर व्याख्यात्याचे नावच लिहिलेले नाही. अशा वेळी आम्ही त्या वर्षांतील अनामिक मुद्रणांचे तुकडे कुटुंबाला ऐकवतो. आवाज घरच्यांना लगेच ओळखू येतो.